सीडी आपली, परवाना कोणाचा?

सॉफ्टवेअरची अट, देशाचा कायदा आणि ईमानधारकाचा शब्द

दिव्य कुरआनातील सूरह मायदाचा आरंभ ईमानधारकांना दिलेल्या एका आदेशाने होतो. आपण केलेले करार पूर्ण करावेत, हा तो आदेश. त्यात कराराचा प्रकार सांगितलेला नाही, की रकमेची मर्यादा घातलेली नाही. म्हणून भाष्यकारांनी त्याचा अर्थ व्यापक घेतला आहे. अल्लाहशी केलेली प्रतिज्ञा त्यात येते, निकाहाचा करार येतो, तसेच खरेदी-विक्री, भाडे, भागीदारी आणि मजुरीही येते. शेत बटाईने देताना, हळदीचा सौदा करताना किंवा घर भाड्याने घेताना या आदेशाचे भान ठेवावे, हे आपण सर्वजण मानतो. परंतु एक करार असा आहे की जो आज आपल्या घराघरांत होतो आणि बहुधा न वाचताच होतो. संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसविताना पडद्यावर लांबलचक मजकूर येतो, खाली एक लहानशी चौकट असते, आपण तिच्यात खूण करतो आणि 'मान्य आहे' असे लिहिलेले बटण दाबतो. तो मजकूर करारनामा असतो आणि ती खूण म्हणजे आपली सही होय.

या विषयाकडे लक्ष वेधले ते कळमनुरी येथील एका तरुण वाचकाच्या पत्राने. त्यांचे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, मदरशाच्या जलशांची पत्रके, मशिदीच्या सूचना आणि ऑनलाइन अर्ज ही कामे ते करतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, लॅपटॉपबरोबर आलेल्या सीडीवरून त्याच लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकता येते काय? दुसरी, तीच सीडी साडूने किंवा मित्राने मागितली तर द्यावी काय? तिसरी गोष्ट त्यांनी पत्राच्या शेवटी, काहीशा संकोचाने लिहिली आहे. दुकानातील बहुतेक सॉफ्टवेअर कोणाकडून तरी कॉपी करून घेतलेले आहे. तेव्हा त्यावर मिळविलेली रोजी हलाल आहे काय?

प्रश्न एका दुकानदाराचा असला तरी हिंगोलीपासून वसमतपर्यंत ज्या ज्या घरात एमएस-सीआयटी शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

आपण नेमके काय विकत घेतो?

पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपली होते. ती वाचावी, भावाला द्यावी किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकावी. मात्र त्या पुस्तकाच्या शंभर प्रती छापण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. सॉफ्टवेअरची अडचण अशी की त्याचा नुसता वापर करायचा म्हटला तरी प्रत तयार होते. सीडीवरून ते हार्ड डिस्कवर उतरते आणि चालू होताना संगणकाच्या स्मृतीत पुन्हा उतरते. म्हणून त्याचा निर्माता ग्राहकाला वापरण्याची परवानगी लेखी देतो आणि तिच्या मर्यादाही लिहून देतो. यालाच परवाना किंवा लायसन्स म्हणतात.

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींत करण्यात आला. म्हणजे लेखकाला पुस्तकावर जसा हक्क, तसा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमवर. सीडीत भरून बाजारात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा विक्रीयोग्य माल आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ साली दिला. पुढे २०२१ साली इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटरच्या प्रकरणात, आयकराचा वाद निकाली काढताना, त्याच न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला. ग्राहकाला मिळते ती कॉपीराइट असलेली वस्तू आणि तिच्या वापराची परवानगी. खुद्द कॉपीराइट त्याच्याकडे येत नाही.

हा भेद आपल्या फिकहला अनोळखी नाही. वस्तू आणि तिचा उपयोग, म्हणजे 'ऐन' आणि 'मनफअत', यांतील फरक फुकहांनी इजारा अर्थात भाडेकराराच्या प्रकरणात फार बारकाईने मांडला आहे. एका हंगामासाठी घेतलेल्या शेतात आपण पीक घेऊ शकतो. परंतु ते विकू शकत नाही. ठरलेला उपयोग ही परवानगी आणि त्यापलीकडचा उपयोग ही आगळीक, हा नियम सॉफ्टवेअरच्या परवान्यालाही जवळून लागू पडतो.

पहिला प्रश्न : पुन्हा टाकणे

याचे उत्तर दिलासा देणारे आहे. ज्या संगणकासाठी परवाना मिळाला, त्याच संगणकावर तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्यास सामान्यतः कोणतीही हरकत नसते. व्हायरस शिरला, हार्ड डिस्क बदलली किंवा संगणक मंद झाला म्हणून विंडोज दहा वेळा टाकले, तरी परवाना एकच आणि संगणकही तोच असतो.

कायदाही येथे ग्राहकाच्या बाजूने आहे. कलम ५२ मध्ये कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर रीतीने बाळगणाऱ्या माणसाला, ज्या कामासाठी तो प्रोग्रॅम दिला गेला त्या कामासाठी प्रत करण्याची मुभा या कलमाने दिली आहे. मूळ प्रत हरवेल, तुटेल किंवा खराब होईल या भीतीने राखीव प्रत करून ठेवण्यासही तेथे परवानगी आहे. म्हणून आपल्या सीडीवर ओरखडे पडण्यापूर्वी तिची एक प्रत करून कपाटात ठेवली, तर त्यात ना कायद्याचा दोष, ना शरीअतचा. अट इतकीच की ती राखीव प्रत राखीवच राहावी.

मात्र परवान्याचे प्रकार ओळखले पाहिजेत. नव्या संगणकावर कारखान्यातूनच जे विंडोज येते, त्याला ओईएम परवाना म्हणतात. हा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. रॅम किंवा हार्ड डिस्क बदलल्याने तो तुटत नाही. बिघडलेला मदरबोर्ड दुरुस्तीत बदलावा लागला तरीही तो चालू राहतो. परंतु हौसेने नवा, अधिक वेगवान मदरबोर्ड बसविला तर तो नवा संगणक समजला जातो. जुना लॅपटॉप विकला की हा परवाना त्याच्यासोबत नव्या मालकाकडे जातो. लॅपटॉप विकून टाकला आणि सीडी तेवढी ठेवून घेतली, तर त्या सीडीवरून दुसरा संगणक चालविण्याचा हक्क आपल्याकडे उरत नाही.

दुकानातून स्वतंत्र खोक्यात विकत घेतलेला परवाना किरकोळ विक्रीचा असतो. विंडोजच्या बाबतीत तो जुन्या संगणकावरून काढून नव्या संगणकावर नेता येतो, पण एका वेळी एकाच संगणकावर. ऑफिसच्या 'होम अँड स्टुडंट' आवृत्तीची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००७ आणि २०१० च्या किरकोळ विक्रीच्या आवृत्त्या एकाच कुटुंबातील तीन संगणकांवर टाकण्याची मुभा होती. २०१३ च्या आवृत्तीत ती एका संगणकापुरती उरली. शिवाय ही आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे, व्यवसायासाठी नाही. म्हणजे मुलीच्या अभ्यासासाठी रीतसर विकत घेतलेले सॉफ्टवेअर दुकानाची बिले करण्यासाठी वापरले, तर पैसे मोजूनही अट मोडली जाते. यासाठी खरेदीपूर्वी परवान्याचा मजकूर निदान एकदा वाचावा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरातील जी दीर्घ आयत आहे, तीत लिहिणाऱ्यासंबंधी व साक्षीदारांसंबंधी इतका तपशील आला आहे की करारातील शब्दांना इस्लाम किती महत्त्व देतो हे त्यावरून उमजावे.

दुसरा प्रश्न : सीडी दुसऱ्याला देणे

येथे सीडी आणि परवाना या दोन वस्तू मनात वेगळ्या कराव्या लागतात. सीडी हे भांडे आहे. वापरण्याचा हक्क परवान्याने मिळतो आणि त्याची खूण बहुधा पंचवीस अक्षरांच्या 'की'मध्ये किंवा यंत्रात साठवलेल्या डिजिटल नोंदीत असते.

समजा, शेजाऱ्याने तुमच्यासारखाच लॅपटॉप घेतला आहे, त्याच्याकडे त्याचा स्वतःचा परवाना आहे, केवळ सीडी हरवली आहे. त्याला त्याच्याच परवान्यावर विंडोज पुन्हा टाकायचे असेल, तर भांडे उसने देण्याने निर्मात्याचा कोणताही हक्क बुडत नाही. मायक्रोसॉफ्टने तर विंडोज १० आणि ११ टाकण्यासाठी लागणारी फाइल आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तेव्हा शेजाऱ्याला ती फाइल उतरवून घेण्यास मदत करणे, हा सर्वांत निर्मळ मार्ग होय.

परंतु साडूकडे परवानाच नसेल आणि आपली सीडी व आपली की वापरून त्याच्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर चढवायचे असेल, तर ते भांडे उसने देणे राहत नाही. एकाच्या मोबदल्यात दोघांनी उपयोग घेणे असे त्याचे स्वरूप होते, आणि करारात ते नव्हते. काही जण कलम ५२ मधील, १९९९ च्या दुरुस्तीने आलेल्या आणखी एका तरतुदीचा आधार घेतात. स्वतः कायदेशीर रीतीने मिळविलेल्या प्रतीवरून, व्यापारी हेतू नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत करता येते, असे ती सांगते. हे खरे आहे. पण तिच्या शब्दांकडे नीट पाहावे. प्रत स्वतः मिळविलेली हवी आणि वापर वैयक्तिक हवा. दुसऱ्याला वाटण्याची मुभा त्या शब्दांत नाही.

इंटरनेटवर दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या 'की'चेही तेच. मोठ्या संस्थांसाठी दिलेल्या परवान्यांच्या की अशा रीतीने सुट्या करून विकल्या जातात. विकणाऱ्याला त्या विकण्याचा हक्क असतोच असे नाही. जी वस्तू आपल्या ताब्यात व अधिकारात नाही ती विकू नये, ही शिकवण ह. हकीम बिन हिजाम (र.) यांच्या हदीसमधून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. विक्रेत्याचा हक्क संशयास्पद असेल, तर स्वस्ताईच्या आनंदात खरेदीदाराने डोळे मिटू नयेत.

कायद्याचा हात किती लांब आहे?

भंग केलेली प्रत जाणीवपूर्वक संगणकावर वापरणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३ बी मध्ये त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते व ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. घर आणि दुकान यांत कायद्याने केलेला हा फरक दुकानदार बांधवांनी विशेष लक्षात घ्यावा. प्रती करून विकणाऱ्यास कलम ६३ लागू होते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे हाही गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. 'क्रॅक' नावाने जे फिरते ते असे कुलूप तोडण्याचेच साधन असते. आणि ते बनविणारा अनोळखी माणूस आपल्या संगणकात काय सोडून जाईल, याची हमी कोणी देत नाही. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानात लोकांचे आधार क्रमांक व बँकेचे तपशील असतात. ती लोकांची अमानत होय. चोरवाटेने आलेल्या प्रोग्रॅमच्या हवाली ती करणे हा वेगळाच अपराध ठरतो.

शरीअतची दृष्टी

जे हातात धरता येत नाही, त्याला 'माल' म्हणावे काय, हा प्रश्न जुना आहे. हनफी फुकहांनी मालाची व्याख्या प्रामुख्याने साठवून ठेवता येणाऱ्या वस्तूंवरून केली. इतर मस्लकांनी उपयोगालाही माल मानले. यामुळे उपखंडातील काही ज्येष्ठ उलमांनी सुरुवातीस छपाईचा हक्क राखून ठेवण्यास मान्यता दिली नव्हती. पुढे व्यवहार बदलला, अशा हक्कांना बाजारात मोल आले, आणि मौलाना तकी उस्मानी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनीही हक्कांच्या खरेदी-विक्रीवर सविस्तर लिहून त्यांना मालाचा दर्जा देण्याची बाजू मांडली. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनात ठराव झाला की व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरील हक्क त्यांच्या धन्यांचेच आहेत, आजच्या व्यवहारात त्यांना आर्थिक मूल्य आहे आणि शरीअतमध्ये ते संरक्षित आहेत. त्यांवर अतिक्रमण करता येत नाही.

हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या वसमतकडे पाहावे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या दुसऱ्याच प्रांतातील हळद पोत्यात भरून त्यावर कोणी 'वसमत हळद' असे छापले, तर येथील शेतकरी काय म्हणेल? त्याच्या खळ्यातून एक किलोही हळद कोणी उचललेली नाही. गेले ते फक्त नाव. तरीही आपल्यावर अन्याय झाला, हे त्याला कोणत्याही वकिलावाचून कळते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीने त्या नावाला मोल आले आहे. ज्याने वर्षानुवर्षे बसून प्रोग्रॅम लिहिला, त्याच्या श्रमाला हीच न्यायबुद्धी लावली पाहिजे.

आणि समजा, एखाद्याला जुने मतच अधिक पटत असेल, तरी प्रश्न संपत नाही. कारण आपण अट मान्य करून शब्द दिलेला असतो. मुस्लिम आपण स्वीकारलेल्या अटींना बांधील असतात. हलालला हराम किंवा हरामला हलाल ठरविणारी अट तेवढी वगळावी, या आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. एका संगणकावरच वापरावे, ही अट कोणत्याही हलालला हराम करीत नाही. ती आपल्याला महाग वाटते, एवढेच. महाग वाटत असेल, तर तो करार न करण्याचे स्वातंत्र्य आपल्याला होते.

आपल्या सबबी

'कंपनी श्रीमंत आहे, तिचे काय बिघडते?' श्रीमंताचा हक्क गरिबाने घ्यावा, असा अपवाद शरीअतने ठेवलेला नाही. सूरह आराफच्या कथनानुसार मदयनवासीयांना ह. शुऐब (अ.) यांनी बजावले ते माप पूर्ण द्यावे आणि लोकांच्या वस्तू त्यांना कमी करून देऊ नयेत, तेथे लोक म्हणजे सर्व लोक.

'कंपनी परदेशी आहे, मुस्लिमांची नाही.' याचे उत्तर हिजरतच्या रात्रीने दिले आहे. कुरैशचे लोक पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जिवावर उठले होते, तरीही त्यांच्याच अनेकांच्या ठेवी आपकडे होत्या. आपण (स.) मक्का सोडली, तेव्हा त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी ह. अली (र.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानत परत करण्यासाठी एवढी दक्षता घेणाऱ्या प्रेषितांची उम्मत म्हणविणाऱ्याला ही सबब शोभत नाही.

'आम्ही ते दीनच्या कामासाठी वापरतो.' हे ऐकताना विशेष दुःख होते. उर्दू पत्रकांची जुळणी आपल्याकडे बहुधा इनपेजवर होते. ते १९९४ पासून प्रचलित असलेले, दिल्लीच्या एका कंपनीने बनविलेले भारतीय सॉफ्टवेअर आहे. त्यातील नूरी नस्तलीक ज्यावर आधारले, ती अक्षरे खुशनवीस अहमद मिर्झा जमील यांनी १९८० च्या सुमारास हाताने लिहिली होती. एकेक शब्दजोड, अशा हजारो. ज्या पत्रकाच्या माथ्यावर बिस्मिल्लाह असते, त्याची अक्षरे डोंगलचे कुलूप तोडून आलेली असावीत काय? अल्लाह पवित्र आहे आणि पवित्र तेच स्वीकारतो, ही शिकवण आपण सदक्याच्या रकमेला लावतो. ती साधनांनाही लावली पाहिजे.

'आता ती आवृत्ती जुनी झाली, कंपनीनेच सोडून दिली.' विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. देखभाल थांबली म्हणून मालकी संपत नाही. शेताच्या मालकाने नांगरणी थांबविली, तरी सातबारा त्याच्याच नावे राहतो.

तिसरा प्रश्न : रोजीचे काय?

आता कळमनुरीच्या बांधवाच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांनी लग्नपत्रिका जुळविली, तिचे शुद्धलेखन तपासले आणि ग्राहकाला वेळेवर दिली. ग्राहकाने पैसे दिले ते त्या श्रमाचे. काम मुळात वैध असल्यामुळे ती मजुरी हराम होत नाही, असे अनेक उलमांचे म्हणणे आहे. परंतु साधन दुसऱ्याचे आणि विनापरवानगी वापरलेले असल्याने त्याचा गुन्हा वेगळा शिल्लक राहतो, आणि तो हक्कुल इबादमध्ये, म्हणजे माणसांच्या हक्कांत मोडतो. अशा हक्कात केवळ पश्चात्तापाचे अश्रू पुरत नाहीत. हक्क ज्याचा त्याला पोहोचावा लागतो. दुसऱ्याची बैलजोडी न विचारता नेऊन आपले शेत नांगरले, तर उगवलेले धान्य फेकून द्यावे लागत नाही. पण बैलजोडीचे भाडे मालकाला देणे आहेच.

तेव्हा त्यांनी निराश होऊ नये आणि दुकानही बंद करू नये. दुकानातील प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव एका कागदावर लिहावे व समोर परवाना आहे की नाही हे नोंदवावे. ज्याचा परवाना नाही आणि ज्यावाचून काम चालते, ते आजच काढून टाकावे. जे धंद्याला अत्यावश्यक आहे, त्याचा परवाना शक्य तितक्या लवकर विकत घ्यावा, आणि तोवर ते काम परवाना असलेल्या किंवा खुल्या सॉफ्टवेअरवर करावे. परवाना विकत घेतला की आजवरच्या वापराचा मोबदला धन्यापर्यंत पोहोचविण्याचा सर्वांत सरळ मार्गही साधतो. विशिष्ट परिस्थितीत काय करावे, हे आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे.

एक गोष्ट संगणक दुरुस्त करणाऱ्या बांधवांसाठी. ग्राहकाकडे परवाना असेल, तर विंडोज टाकून देण्याची मजुरी निखळ हलाल आहे. नसेल आणि तुम्ही क्रॅक चालवून देत असाल, तर ती मजुरी गुन्ह्यातील सहकार्याची होते. आणि नेकीत सहकार्य करावे, गुन्ह्यात करू नये, हा आदेश त्याच सूरह मायदाच्या दुसऱ्या आयतीत आहे. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, नव्या संगणकांत विनापरवाना सॉफ्टवेअर भरून विकणाऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध सुमारे २० लाख रुपयांच्या भरपाईचा हुकूम दिला होता. ग्राहकाला फुकट दिल्याचे त्याला किती महाग पडले!

मोकळा मार्ग

अल्लाहने एक दार बंद केले असेल, तर हलालची अनेक दारे उघडी ठेवली आहेत. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्याची घोषणा केली आणि १९८९ साली त्यासाठी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. वापरा, अभ्यासा, बदला आणि वाटा, अशी मुभा या परवान्यात लिहूनच दिलेली असते. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूची सीडी तर २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने मोफत मिळत असे. वापरून झाल्यावर ती पुढे देण्यात काहीच वावगे नव्हते. आजही उबुंटू पेन ड्राइव्हवर घेऊन साडूला, मित्राला, मदरशाला द्यावे. हे दान निर्मात्याच्या संमतीचे आहे.

पत्रे, हिशेब आणि सादरीकरणासाठी लिब्रे ऑफिस आहे. पत्रिकेच्या सजावटीसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला मुक्ता हा फॉण्ट व्यवसायातही मोफत वापरता येतो. उर्दूसाठी नोटो नस्तलीक उर्दू तशाच खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. सवय होईपर्यंत दोन-तीन आठवडे हात अडखळतील, त्यासाठी सब्र हवा. खुल्या सॉफ्टवेअरलाही अटी असतात, हे मात्र विसरू नये. जीपीएलखालील प्रोग्रॅम वाटताना त्याचा मूळ संकेतलेख मिळण्याची सोय ठेवावी लागते आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. फुकट मिळाले म्हणून शब्द हलका होत नाही.

शेवटी एक लहानशी परीक्षा. विनरार नावाचा प्रोग्रॅम अनेकांच्या संगणकावर असतो. तो ४० दिवस पारखून पाहण्यासाठी असतो. पुढे वापरायचा तर विकत घ्यावा, ही त्याची अट. पण ४० दिवस उलटले तरी तो बंद पडत नाही, फक्त आठवण करून देणारी चौकट दाखवितो. तेथे कुलूप नाही, पोलीस नाही, शेजारी पाहत नाही. ती चौकट आपण दररोज बंद करतो. एकांतातही अल्लाह आपल्याला पाहत आहे, हे आपण मुलांना शिकवितो. आणि मूल शेजारी बसून आपले बोट त्या चौकटीकडे जाताना पाहत असते. सात-झिपसारखा खुला प्रोग्रॅम तेच काम मोफत करतो. अदलाबदल करण्यास पाच मिनिटे लागतात.

वाचकहो, या जुम्याच्या नमाजनंतर घरातील संगणकासमोर मुलांसह बसावे. कोणते सॉफ्टवेअर कोठून आले, याची यादी मुलांनाच करू द्यावी. सीडी, परवान्याची पावती आणि की एका पाकिटात घालून, ज्या पेटीत निकाहनामा व शेताचे कागद ठेवता तेथेच ठेवावी, कारण तोही एक करार आहे. जे आपले नाही ते काढून टाकावे, जे हवे ते विकत घ्यावे, आणि जे खुले आहे ते मोकळ्या मनाने वाटावे.

सर्वसमर्थ अल्लाह आपल्याला दिलेला शब्द पाळण्याची सद्‌बुद्धी देवो, आपल्या रोजीत बरकत देवो आणि कळत-नकळत बुडविलेले हक्क याच जीवनात फेडण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.